हवाईयन भाषेची ध्वनिव्यवस्था

हवाईयन (स्वनाम: ’ओऽलेलो हावाइ’इ) ही प्रशांत महासागरातील हवाई द्वीपसमूहाची मूळ भाषा असून ती ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलाच्या पॉलिनेशियन शाखेत मोडते. मार्केसन, ताहितीयन आणि न्यूझीलंडची माओरी या तिच्या जवळच्या भाषाभगिनी होत. १९७८ पासून ती इंग्रजीच्या जोडीने हवाई राज्याची अधिकृत भाषा आहे. तथापि युनेस्कोने तिची गणना अतिसंकटग्रस्त भाषांमध्ये केली आहे. आठ व्यंजने आणि पाच स्वर एवढ्या मोजक्या ध्वनींवर या भाषेचा सारा संसार उभा आहे. यांपैकी एक व्यंजन, तसेच स्वरांचे दीर्घत्व, या दोन गोष्टी भाषा प्रथम लिपिबद्ध झाली तेव्हा लेखनात जवळजवळ आल्याच नाहीत. भाषा घरोघरी बोलली जात होती तोवर ही उणीव कोणाला जाणवली नाही. बोलणारे विरळ झाल्यावर मात्र तीच मोठी अडचण ठरली.

या लेखातील लेखनपद्धती

हवाईयन शब्द देवनागरीत लिहिताना काही संकेत पाळावे लागतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘कनक’ असे लिहिले तर वाचक शेवटचा क व्यंजनान्त वाचणार. हवाईयनमध्ये मात्र प्रत्येक शब्द स्वरान्त असतो. म्हणून या लेखात ‘आ’ हे चिन्ह ऱ्हस्व स्वरासाठी योजले असून कोणत्याही स्वराचे दीर्घत्व त्यापुढे अवग्रह (ऽ) देऊन दाखवले आहे. कंठद्वारीय स्पर्श या व्यंजनासाठी (’) हे चिन्ह वापरले आहे. अन्त्य इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा मराठी शुद्धलेखनाचा नियम येथे अर्थातच बाजूला ठेवावा लागतो.

‘हवाई’ हे मराठीत रूढ झालेले रूप या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मूळ नाव ‘हावाइ’इ’ असे आहे. त्याच्या शेवटी एक दीर्घ ई नसून दोन ऱ्हस्व इ आहेत आणि त्यांच्यामध्ये एक व्यंजन आहे. (आपल्या ‘हवाई’ या विशेषणाशी, म्हणजे हवाई वाहतूक किंवा हवाई दल यांतील शब्दाशी, या नावाचा काहीही संबंध नाही.)

व्यंजने

हवाईयनची व्यंजने प, क, ह, म, न, ल, व आणि कंठद्वारीय स्पर्श एवढीच आहेत. महाप्राण व्यंजने नाहीत, ग, द, ब यांसारखी घोष स्पर्श व्यंजने नाहीत, च-वर्ग आणि ट-वर्ग नाहीत, आणि स किंवा श यांच्यासारखा एकही ऊष्म ध्वनी नाही. मराठीच्या वर्णमालेशी तुलना केली तर पाच वर्गांच्या पंचवीस व्यंजनांपैकी चारच येथे शिल्लक राहतात.

‘व’चा उच्चार शेजारच्या स्वराप्रमाणे बदलतो. इ आणि ए यांच्यानंतर तो ओठाला दात लावून केलेल्या इंग्रजी ‘व्ही’कडे झुकतो, तर उ आणि ओ यांच्यानंतर दोन्ही ओठांच्या ‘डब्ल्यू’कडे. मराठीचा ‘व’ या दोहोंच्या मध्ये पडत असल्याने मराठी भाषकाला हा ध्वनी फारसा प्रयास न करता साधतो.

कंठद्वारीय स्पर्श हा मराठी वाचकाला अपरिचित वाटेल, पण तो आपल्या तोंडून पुष्कळदा निघतो. ‘आ, आ, आ’ असे तीन वेळा तोडून म्हटले असता प्रत्येक दोन ‘आ’च्या मध्ये स्वरतंतू क्षणभर मिटतात आणि हवा अडते. हे अडणे म्हणजेच हा स्पर्श. मराठीत त्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण त्याला वर्ण मानत नाही. हवाईयनमध्ये तो प किंवा क यांच्या तोडीचा पूर्ण वर्ण आहे. ‘मोआ’ म्हणजे कोंबडी, ‘मो’आ’ म्हणजे शिजलेले. ‘कोउ’ म्हणजे तुझा, ‘को’उ’ म्हणजे माझा. माझे आणि तुझे यांतील भेद ज्या वर्णावर उभा आहे, त्याला उच्चारातील किरकोळ लकब समजणे किती महागात पडेल हे वेगळे सांगायला नको.

त आणि क

आज हवाईयनमध्ये ‘त’ नाही असे म्हटले जाते, ते बहुतांशी खरे आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. जेम्स कुक १७७८ मध्ये या बेटांवर आला तेव्हा त्याच्या लोकांनी ‘काउआ’इ’ या बेटाचे नाव ‘अतूई’ असे टिपले. पहिला राजा कामेहामेहा याचे नाव जुन्या परदेशी कागदपत्रांत ‘तामेहामेहा’ असे, त्याचा पुत्र लिहोलिहो याचे ‘रिहोरिहो’ असे आणि होनोलुलु बंदराचे ‘होनोरुरु’ असे आढळते. टिपणाऱ्यांचे कान खोटे नव्हते. त आणि क, तसेच ल आणि र, या जोड्यांतील ध्वनी एकाच स्वनिमाची रूपे होती. वायव्येकडील बेटांवर त अधिक ऐकू येई, आग्नेयेकडील हवाई बेटावर क. शब्द तोच, अर्थ तोच, केवळ उच्चार वेगळा.

मराठीत ल आणि र यांची अदलाबदल केली की ‘माल’चा ‘मार’ होतो. हवाईयन कानाला मात्र तो भेद अर्थभेद वाटत नसे. आपल्या भाषेतील भेद दुसऱ्या भाषेत असतीलच असे नाही, आणि दुसरीकडचे भेद आपल्याला ऐकू येतीलच असेही नाही. पाश्चात्त्यांना त आणि क यांतील भेद ऐकू आला, जो तेथे निरर्थक होता. कंठद्वारीय स्पर्श मात्र त्यांच्या कानांवरून बराचसा निसटून गेला, जो तेथे अर्थाला कारण होता.

स्वर आणि दीर्घत्व

आ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर असून प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन प्रकारांनी येतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात कटाक्षाने पाळला जातो, परंतु आजच्या प्रमाण उच्चारात तो बऱ्याच अंशी शब्दातील स्थानावर अवलंबून आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे आपण उच्चारापेक्षा संदर्भावरूनच ओळखतो. हवाईयनमध्ये हा भेद बोलण्यात जिवंत आहे. ‘पाउ’ म्हणजे संपले, ‘पा’उ’ म्हणजे काजळी, ‘पा’उऽ’ म्हणजे ओलसर आणि ‘पाऽ’उऽ’ म्हणजे स्त्रियांचा घागरा. चारही शब्द जुन्या छापील मजकुरात एकाच पद्धतीने लिहिलेले आढळतात.

काही नामांत दीर्घत्व अनेकवचन दाखवते. ‘वाहिने’ म्हणजे एक स्त्री, ‘वाऽहिने’ म्हणजे स्त्रिया. ‘माकुआ’ म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एक, ‘माऽकुआ’ म्हणजे दोघे किंवा ती सारी पिढी. ‘कुपुना’ म्हणजे एक आजा किंवा आजी, ‘कुऽपुना’ म्हणजे वडीलधारी मंडळी, पूर्वज. अशी नामे थोडीच आहेत, पण ती सगळी माणसांविषयीची आणि रोजच्या बोलण्यातली आहेत.

बलाघात सामान्यतः शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. दीर्घ स्वर असेल तर तो आघात आपल्याकडे ओढून घेतो.

अक्षररचना आणि परभाषेतील शब्द

हवाईयन अक्षर म्हणजे एक स्वर, किंवा एक व्यंजन आणि एक स्वर. जोडाक्षर नाही, व्यंजनान्त अक्षर नाही. आठ व्यंजने आणि व्यंजनाचा अभाव मिळून नऊ आरंभ, त्यांना पाच स्वरांनी गुणले की पंचेचाळीस अक्षरे होतात आणि दीर्घ स्वर धरले तर नव्वद. आपली बाराखडी याहून कितीतरी मोठी. एवढ्या थोड्या अक्षरांतून हजारो शब्द घडवायचे म्हणजे शब्द लांबणार आणि अक्षरांची द्विरुक्ती होणार हे ओघानेच आले. हवाई राज्याचा मासा म्हणून प्रसिद्ध असलेल्या माशाचे नाव ‘हुमुहुमुनुकुनुकुआऽपुआ’आ’ असे आहे. ते ऐकून परदेशी प्रवासी हसतात, परंतु ते तोडून पाहिले तर अगदी सुबोध आहे: ‘हुमुहुमु’ ही माशाची जात, ‘नुकुनुकु’ म्हणजे तोंड, ‘आऽ’ म्हणजे सारखे आणि ‘पुआ’आ’ म्हणजे डुक्कर. डुकरासारख्या तोंडाचा हुमुहुमु.

बाहेरून आलेल्या शब्दाला या चौकटीत बसताना मोठे रूपांतर सोसावे लागते. राइस (तांदूळ) याचे ‘लाइकि’ झाले: र नाही म्हणून ल, स नाही म्हणून क, आणि शेवटी स्वर हवा म्हणून इ. सोप (साबण) याचे ‘कोपा’, बुक (पुस्तक) याचे ‘पुके’, जॉर्ज या नावाचे ‘केओकि’. ‘ख्रिसमस’ची गंमत याहून मोठी आहे. त्यातील जोडाक्षरे सुटी झाली, र चा ल झाला, दोन्ही स चे क झाले आणि ‘कालिकिमाका’ हा पाच अक्षरांचा शब्द तयार झाला.

भाषाभगिनींशी नाते

पॉलिनेशियन भाषांतील ध्वनिपरिवर्तने इतकी नियमित आहेत की तौलनिक भाषाशास्त्राच्या पहिल्या धड्यासाठी त्यांहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. माओरी ‘तांगाता’ (माणूस) हवाईयनमध्ये ‘कानाका’ होतो, ‘रांगि’ (आकाश) ‘लानि’ होतो, ‘तोरु’ (तीन) ‘कोलु’ होतो, ‘आरोहा’ ‘आलोहा’ होतो. सामोअन ‘फाले’ (घर) हवाईयनमध्ये ‘हाले’ होतो आणि सामोअन ‘सिना’ (पांढरे केस) ‘हिना’. म्हणजे मूळ त चा क, ङ चा न, र चा ल, आणि फ व स या दोहोंचा ह झाला. स चा ह होणे हे सिंधु-हिंदु, सप्ताह-हफ्ता या जोड्यांमुळे आपल्याला ओळखीचेच आहे.

मग मूळचा क कोठे गेला? तोच कंठात उतरला. माओरी ‘वाका’ (होडी) हवाईयनमध्ये ‘वा’आ’ झाला आणि ‘इका’ (मासा) ‘इ’आ’ झाला. आधी क ची जागा रिकामी झाली आणि मग त सरकत सरकत त्या जागेवर येऊन बसला. कुकच्या काळी दिसलेली त-क यांची सरमिसळ ही या स्थलांतराची अखेरची अवस्था होती. म्हणून कंठद्वारीय स्पर्शाला गळ्यातील नुसता झटका म्हणता येत नाही. तो एका जुन्या, खणखणीत व्यंजनाचा वंशज आहे.

लिपिबद्धता

बोस्टन येथील अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची मंडळी १८२० मध्ये हवाईत उतरली. याच बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले होते आणि त्यांच्या मराठी मिशनमधून पुढे १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ निघाले. मुंबईत त्यांना सिद्ध लिपी, बाराखडी आणि लिहिण्याची दीर्घ परंपरा यांची शिदोरी आयतीच मिळाली. हवाईत लेखनपरंपराच नव्हती. सारे वाङ्मय, वंशावळी आणि स्तोत्रे मुखोद्गत होती. त्यामुळे तेथे त्यांनी रोमन लिपी आणली. ७ जानेवारी १८२२ रोजी हवाईयन भाषेतील पहिला मजकूर छापला गेला. मुद्रक एलिशा लूमिस हा होता आणि यंत्राचा दांडा ओढला तो के’एआउमोकु या सरदाराने.

प्रारंभी ब आणि प, त आणि क, र आणि ल, अशी दोन्ही अक्षरे वापरली जात आणि एकच शब्द दोन-तीन प्रकारे लिहिला जाई. १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी मतदान करून प, क, ल आणि डब्ल्यू ही अक्षरे ठेवली व त्यांची जोडीदार अक्षरे गाळली. बायबलमधील विशेषनामे आणि परकीय शब्द यांच्यापुरती गाळलेली अक्षरे शिल्लक राहिली. स्वनिमाची शास्त्रीय कल्पना रूढ होण्यापूर्वी घेतलेला हा निर्णय आजही योग्य वाटतो. परंतु त्याच मंडळींनी कंठद्वारीय स्पर्शाला अक्षर दिले नाही. ‘को’उ’ आणि ‘कोउ’ यांच्या बाबतीत मात्र घोटाळा सोसण्यासारखा नसल्याने बायबलमध्ये तेथे अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह घातले गेले. म्हणजे ध्वनी त्यांना ऐकू आला होता. त्याचे महत्त्व पुरते कळले नव्हते.

लोकांनी ही लिपी आश्चर्यकारक वेगाने आत्मसात केली. अक्षरओळखीच्या पुस्तिकेला आजही ‘पिऽ’आऽपाऽ’ म्हणतात: ‘बी, ए, बा’ या इंग्रजी घोकंपट्टीचे हे हवाईयन रूप. १८३४ मध्ये माउइ बेटावरील लाहाइनालुना येथील विद्यालयातून ‘का लामा हावाइ’इ’ हे पहिले वृत्तपत्र निघाले (मराठीतील ‘दर्पण’ त्याच्या दोन वर्षे आधीचे). तेव्हापासून १९४८ पर्यंत शंभराहून अधिक हवाईयन वृत्तपत्रे निघाली आणि त्यांची सुमारे सव्वा लाख पाने उपलब्ध आहेत. कथा, शोकगीते, राजकीय वाद, वैद्यक, वाचकांची पत्रे हे सारे त्यांत आहे, आणि जवळजवळ सर्व मजकूर कंठद्वारीय स्पर्श व दीर्घत्व न दाखवता छापलेला आहे.

त्या वाचकांना यात काही अडले नाही. मराठीतही ‘जरा’ या एकाच लेखनात थोडे या अर्थाचा शब्द आणि वार्धक्य या अर्थाचा शब्द असे दोन शब्द दडलेले आहेत. पहिल्यातील ज दंततालव्य, दुसऱ्यातील तालव्य. चमचा आणि चहा यांतील च वेगळे आहेत, पण अक्षर एकच. मराठी मूल ते पुस्तकातून शिकत नाही, घरातून शिकून येते. मराठी केवळ पुस्तकावरून शिकणारा मात्र येथे हटकून चुकतो. हवाईयन भाषेवर पुढे अशी वेळ आली, की तिच्याच वंशजांना ती पुस्तकावरून शिकावी लागली.

शाळेतून हकालपट्टी

परदेशी जहाजांबरोबर आलेल्या साथीच्या रोगांनी एकोणिसाव्या शतकात मूळ लोकसंख्येचा मोठा संहार झाला. १८९० च्या जनगणनेत हवाईयन आणि अंशतः हवाईयन वंशाचे लोक सुमारे ४० हजारच उरले होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानी हिची सत्ता उलथवण्यात आली. त्यानंतरच्या राजवटीने १८९६ मध्ये कायदा करून सर्व सार्वजनिक आणि खासगी शाळांचे माध्यम इंग्रजी ठरवले. १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेला जोडली गेली. शाळेत हवाईयन बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी त्या पिढीतील अनेकांनी सांगितल्या आहेत. मुलांनी इंग्रजीच शिकावे असे पालकांनाही वाटू लागले आणि बेटांवरील ऊसमळ्यांत उदयास आलेली इंग्रजीप्रधान मिश्रभाषा पुढील पिढीची बोली झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी हवाईयन बोलणारी अठरा वर्षांखालील मुले पन्नासहूनही कमी होती, असे पुनरुज्जीवनाचे कार्यकर्ते सांगतात.

’ओकिना आणि काहाकोऽ

कंठद्वारीय स्पर्शाच्या चिन्हाला ‘’ओकिना’ आणि दीर्घ स्वरावरील आडव्या रेषेला ‘काहाकोऽ’ म्हणतात. मेरी कावेना पुकुइ आणि सॅम्युएल एल्बर्ट यांचा १९५७ मध्ये प्रकाशित झालेला शब्दकोश या चिन्हांच्या इतिहासात निर्णायक ठरला. पुकुइ (१८९५–१९८६) यांचे बालपण आजीच्या सहवासात, हवाईयन भाषेत गेले. कोणत्या शब्दात स्पर्श आहे आणि कोणता स्वर लांबतो याचा निवाडा त्यांचा कान करू शकत होता. कोशातील प्रत्येक शब्द ही दोन्ही चिन्हे घालून छापला गेला. जे सव्वाशेहून अधिक वर्षे केवळ ओठांवर आणि कानांत होते, ते प्रथमच सलगपणे कागदावर आले, तेही जाणकार हयात असताना.

हे थोडे आधी झाले असते तर बरे, असे स्थलनामांच्या बाबतीत वाटल्यावाचून राहत नाही. ‘मोलोकाइ’ की ‘मोलोका’इ’ हा वाद त्या बेटावर अजून चालू आहे. दोन्ही बाजूंना वडीलधाऱ्यांच्या साक्षी आहेत. लाऽना’इ हे बेट आणि लाऽनाइ म्हणजे पडवी हे दोन वेगळे शब्द, पण इंग्रजी लेखनात त्यांत फरक राहत नाही. ‘’आऽइना’ म्हणजे भूमी आणि ‘’आइना’ म्हणजे जेवण. दोन्ही शब्द ‘’आइ’ (खाणे) या एकाच धातूपासून आले आहेत, म्हणून येथील घोटाळाही अर्थपूर्ण होतो. राज्याच्या नावाविषयी म्हणावे तर, १९५९ च्या ज्या अमेरिकी कायद्याने हवाई हे राज्य झाले त्यात हे नाव ’ओकिनाविनाच आहे.

संगणकाने आणखी एक गुंतागुंत निर्माण केली. ’ओकिना हे व्यंजन आहे, विरामचिन्ह नव्हे. परंतु कळफलकावर ते हाताशी नसल्याने लोक अपॉस्ट्रॉफी टंकित करतात आणि संगणक शब्द मध्येच तुटला असे समजतो. युनिकोडमध्ये आता त्याला अपॉस्ट्रॉफीहून वेगळे स्थान आहे.

पुनरुज्जीवन आणि उच्चार

माओरी लोकांच्या ‘भाषेच्या घरट्यां’पासून प्रेरणा घेऊन १९८३ मध्ये ‘’आहा पुऽनाना लेओ’ ही संस्था स्थापन झाली. पुऽनाना लेओ म्हणजे आवाजाचे घरटे. तिची पहिली बालवाडी १९८४ मध्ये काउआ’इ बेटावरील केकाहा येथे निघाली. हवाईयन माध्यमावरील जुनी बंदी १९८६ मध्ये उठली आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. आज बालवाडीपासून विद्यापीठीय पदव्यांपर्यंतचे शिक्षण या भाषेत घेता येते.

या शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीची हवाईयन अस्खलित आहे, पण ती आजीआजोबांच्या बोलीहून वेगळी ऐकू येते, असे निरीक्षण अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्यांच्या पहिल्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी भाषा दुसरी भाषा म्हणून आत्मसात केली होती. इंग्रजीच्या सवयीने ए चा ‘एइ’ आणि ओ चा ‘ओउ’ होतो. उलट, पानावर चिन्ह आहे म्हणून ’ओकिना प्रत्येक ठिकाणी ठसठशीत उच्चारला जातो. जुन्या वक्त्यांच्या ओघवत्या बोलण्यात मात्र ध्वनी एकमेकांत मिसळतात आणि ‘माइका’इ’ (चांगले) हा शब्द ‘मेइका’इ’सारखा ऐकू येतो. चिन्हांनी भाषा वाचवली हे खरे. त्यांनी तिचा उच्चार थोडा ताठही केला. यात दोष देण्यासारखे काही नाही. ज्या मुलाला आजीचा आवाज ऐकायला मिळाला नाही, त्याने पानावर विसंबावे नाही तर काय करावे?

आजीचे आवाज अगदीच हरवलेले नाहीत. लॅरी किमुरा यांनी १९७२ पासून ‘का लेओ हावाइ’इ’ या रेडिओ कार्यक्रमात जन्मापासून हवाईयन बोलत आलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. ते वक्ते आता बहुतेक हयात नाहीत. त्यांच्या शेकडो तासांच्या ध्वनिफिती हिलो येथील विद्यापीठाच्या ‘कानि’आऽइना’ या संग्रहात जतन केल्या आहेत. त्या लिहून काढणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबून ऐकावे लागते, की येथे गळा मिटला की नाही, आणि स्वर लांबला की नाही.

द्वीपसमूहातील मुख्य बेटांच्या पश्चिम टोकाला नि’इहाउ हे खासगी मालकीचे छोटे बेट आहे. १८६४ मध्ये ते एका कुटुंबाने विकत घेतले आणि बाहेरच्यांना तेथे मुक्त प्रवेश नाही. हवाईयन ही पिढ्यान्‌पिढ्या खंड न पडता घरची भाषा राहिली ती याच समाजात. तेथील लोक लिहिताना सहसा ’ओकिना किंवा काहाकोऽ घालत नाहीत. त्यांना त्याची गरज भासत नाही. आणि ज्या ‘त’ला १८२६ मध्ये लेखनातून वगळण्यात आले, तो त्यांच्या बोलण्यात अजून आहे.